मोजक्या मिनिटांचे शास्त्रीय भाषण

दरवर्षी २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळण्यात येतो. प्रकाश पदार्थातून जाताना विखुरतो, तेव्हा त्यातील काही अंशाचा रंग बदलतो, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांना १९२८ साली त्या दिवशी आढळून आले. त्या शोधाचे हे स्मरण होय. ह्या निमित्ताने मोठ्या शहरांप्रमाणेच वडूजसारख्या तालुक्याच्या गावीही विज्ञानाची प्रदर्शने मांडली जातात. मुले आपापल्या मेजाजवळ उभी राहतात, परीक्षक येतात, आणि प्रत्येकास आपले काम सांगण्यासाठी चार-पाच मिनिटे मिळतात. वर्षभराच्या खटपटीचे चीज व्हावयाचे की नाही, हे त्या चार-पाच मिनिटांवर ठरते.

अशा वेळी पुष्कळदा काय घडते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहावे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी धो धो पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील खटाव व माण हे तालुके पर्जन्यछायेत पडल्याने पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात. समजा, येरळा नदीच्या काठच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थिनीने गावच्या दहा विहिरी निवडल्या. दसऱ्यापासून होळीपर्यंत दर रविवारी ती दोरीला दगड बांधून प्रत्येक विहिरीतील पाणी किती खाली गेले, ते मोजीत राहिली. मापांनी एक वही भरली. त्या दहा विहिरींविषयी तिला जेवढे ठाऊक आहे, तेवढे तालुक्यात दुसऱ्या कोणासही ठाऊक नाही.

आता परीक्षक तिच्यापुढे उभे राहतात. ती बोलू लागते. पाणी हे जीवन आहे. पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याने व्यापलेला आहे, पण पिण्याजोगे पाणी फार थोडे. प्राचीन काळी लोक नद्यांच्या काठी वसाहती करीत. पाण्याचे चक्र असे असे फिरते. ह्या प्रकल्पासाठी मुख्याध्यापकांचे व पालकांचे सहकार्य लाभले. इतके होते तोच वेळ संपते. परीक्षक मान डोलावून पुढच्या मेजाकडे वळतात. वही मिटलेलीच राहते. जी गोष्ट पुस्तकात छापलेली आहे, ती तिने सांगितली. जी फक्त तिलाच ठाऊक होती, ती मनातच राहिली.

हा दोष ज्ञानाचा नव्हे, तसाच तो धिटाईचाही नव्हे. छोटे भाषण म्हणजे मोठ्या भाषणाचा संक्षेप, ही समजूत ह्या दोषाच्या मुळाशी असते. तासाभराच्या व्याख्यानातील प्रत्येक भाग थोडा थोडा कापून पाच मिनिटांत बसविला, म्हणजे छोटे भाषण तयार झाले, असे समजले जाते. वस्तुतः असे भाषण हे लहान मुलाच्या अंगात मोठ्या माणसाचा आखडलेला सदरा घालण्यासारखे होते. छोट्या भाषणाची घडणच वेगळी असते. त्यात एक प्रश्न असतो, त्या प्रश्नाला सापडलेले एक उत्तर असते, त्या उत्तराचा एक पुरावा असतो, आणि तो पुरावा कोठपर्यंत पुरतो व कोठे पुरत नाही, ह्याची कबुली असते. ह्यांपैकी काहीही गाळले, तर भाषण लंगडे पडते. ह्यांवाचून अधिक काही घातले, तर ह्यांतले काहीतरी बाहेर पडते.

ह्या गोष्टीचे एक मोठे आणि खरेखुरे उदाहरण मराठी माणसाच्याच चरित्रात सापडते. डॉ. जयंत विष्णु नारळीकर ह्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांचे बालपण व शिक्षण काशीस झाले. १९५७ साली ते इंग्लंडात केंब्रिज येथे गेले, १९५९ साली तेथील गणिताच्या पदवी परीक्षेत अग्रस्थानी आले, आणि १९६० पासून फ्रेड हॉइल ह्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करू लागले. ह्या संशोधनास वर्षही पुरे झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १९६१ मध्ये त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला.

त्या काळी विश्वाच्या उत्पत्तीसंबंधाने दोन पक्ष होते. विश्वाचा आरंभ एका महास्फोटाने झाला व तेव्हापासून ते पालटत आले आहे, असे एक पक्ष म्हणे. विश्व प्रसरण पावत असले तरी त्यात नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून ते सर्वकाळ सारखेच दिसते, असे दुसरा पक्ष म्हणे. हा दुसरा, स्थिर विश्वाचा सिद्धान्त १९४८ साली हॉइल, बाँडी व गोल्ड ह्या तिघांनी मांडला होता. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल नावाचे शास्त्रज्ञ आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचे संशोधन करीत असत. ह्या लहरी जेथून येतात त्या उगमस्थानांची त्यांनी मोजदाद केली, आणि ती मोजदाद स्थिर विश्वाच्या सिद्धान्तास खोटे ठरविते, असे लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ते सांगणार होते. हॉइल ह्यांना त्या दिवशी आधीच ठरलेले दुसरे व्याख्यान होते. तेव्हा त्यांच्या बाजूने उत्तर देण्याचे काम त्यांनी आपल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोपविले. समोर राइलसारखा अधिकारी पुरुष, सभेत देशोदेशीचे विद्वान, आणि हाती मोजकी मिनिटे.

राइल ह्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता. आकाशात सर्वत्र सारख्या तेजाचे दिवे सारख्या अंतराने टांगले आहेत, असे समजावे. दिवा दुप्पट दूर गेला, की त्याचा उजेड चौपटीने मंद दिसतो. म्हणून चौपट मंद दिव्यांपर्यंत मोजणी नेली, की दुप्पट अंतरापर्यंतचे दिवे मोजणीत येतात. आणि दुप्पट अंतरापर्यंतची जागा आठपट असल्याने दिव्यांची संख्याही आठपट व्हावयास हवी. स्थिर विश्वाच्या सिद्धान्ताप्रमाणे तर ती आठपटीहून थोडी कमीच भरावयास हवी. राइल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजणीत ती सुमारे बारापट भरत होती. म्हणजे मंद, अर्थात दूरचे दिवे अपेक्षेहून पुष्कळच जास्त होते. दूरचा प्रकाश येथे पोहोचण्यास फार काळ लागतो. तेव्हा दूरचे पाहणे म्हणजे पूर्वीचे पाहणे. पूर्वी दिवे अधिक होते, याचा अर्थ विश्व पालटत आले आहे. मग ते स्थिर कसे म्हणावे?

ह्यावर हॉइल व नारळीकर ह्यांनी काढलेले उत्तर वडूजच्या माळावर उभे राहून समजून घेता येते. एखादा मनुष्य उजाड माळाच्या मध्यभागी उभा आहे, असे मानावे. जवळपास त्याला दोन-चार बाभळी दिसतील. दूरवर, माळ संपून बागाईत लागते तेथे, झाडेच झाडे दिसतील. एवढ्यावरून पूर्वी झाडे जास्त होती व आता कमी झाली, असे त्याला म्हणता येणार नाही. तो स्वतः विरळ जागी उभा आहे, इतकेच त्यावरून निघेल. विश्वातही दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, सर्वत्र सारखे पसरलेले नसून कोठे दाट तर कोठे विरळ असतील, आणि मानव जेथून पाहतो तो भाग विरळ असेल, तर जवळचे दिवे कमी भरतील व दूरचे त्या मानाने जास्त भासतील. ही दाटी व विरळपणा कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पट्ट्यांत असला, तर राइल ह्यांची मोजदाद स्थिर विश्वातही बसू शकते, असे त्यांनी गणिताने दाखविले. हे गणित त्याच वर्षी ह्या संस्थेच्या मासिकात प्रसिद्ध झाले.

आता ह्या उत्तराची मांडणी लक्षात घ्यावी. स्थिर विश्वाचा सिद्धान्त खरा आहे, असे सिद्ध करण्याचा आव त्यात नाही. त्यासाठी एक तासही पुरला नसता. राइल ह्यांची मोजणी चुकीची आहे, असाही आरोप त्यात नाही. ह्या मोजणीवरून तुम्ही काढता तेवढेच एक अनुमान निघत नाही, दुसरेही निघू शकते, एवढी एकच गोष्ट त्यात आहे. जी गोष्ट मोजक्या मिनिटांत सांगून पटविता येते, तेवढीच निवडलेली आहे. एवढी मर्यादा स्वतःला घालून घेतली, म्हणूनच त्या तरुण विद्यार्थ्यास इतक्या मोठ्या सभेत ठामपणे उभे राहता आले.

पुढे काय झाले, हेही सांगणे अवश्य आहे. १९६५ साली पेन्झिआस व विल्सन ह्या अमेरिकेतील शास्त्रज्ञांना अवकाशात सर्व दिशांनी भरून राहिलेला एक मंद सूक्ष्मलहरींचा प्रकाश सापडला. महास्फोटाच्या सिद्धान्तात तो नैसर्गिकपणे बसतो, आणि तेव्हापासून बहुतेक शास्त्रज्ञ त्या सिद्धान्ताकडे झुकले. राइल ह्यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डॉ. नारळीकर आपल्या मताचा पाठपुरावा आयुष्यभर करीत राहिले. १९९३ साली हॉइल व बरबिज ह्यांच्यासह त्यांनी त्या सिद्धान्ताचे सुधारलेले रूपही मांडले. परंतु ज्या पक्षासाठी ते त्या दिवशी उभे राहिले, तो पक्ष शास्त्राच्या जगात मागे पडला, हे उघड आहे.

तर मग ते भाषण फुकट गेले काय? तसे मुळीच नाही. परिणामकारक भाषण म्हणजे सभा जिंकणारे भाषण, अशी व्याख्या वक्तृत्वस्पर्धेत चालते; शास्त्रात ती चालत नाही. वकिलाचे भाषण न्यायाधीशाचे मत आपल्याकडे वळविण्यासाठी असते. शास्त्रज्ञाचे भाषण ऐकणाऱ्याच्या हाती तराजू देण्यासाठी असते. आपण काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, आणि काय आढळले असता आपले म्हणणे चुकीचे ठरेल, हे ऐकणाऱ्याला इतके स्वच्छ कळले पाहिजे, की त्याला घरी जाऊन ते पारखता यावे. दीर्घिकांची वाटणी सारखी आहे की दाट-विरळ, हा प्रश्न असा पारखता येण्याजोगा होता; आणि पुढील काळातील निरीक्षणांनी दीर्घिकांची दाटी व मोठमोठ्या पोकळ्या विश्वात खरोखरच आहेत, हे दाखविले. मुख्य वाद जरी हरला, तरी त्या दिवशी मांडलेला प्रश्न खोटा नव्हता.

पारखण्याचा प्रकार कसा असतो, ह्याचाही एक प्रसंग ह्याच शास्त्रज्ञांच्या बाबतीत घडला. जून १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल ह्यांनी आपला व नारळीकर ह्यांचा गुरुत्वाकर्षणाविषयीचा नवा सिद्धान्त मांडला. भाषण संपल्यावर बावीस वर्षांचा एक संशोधक विद्यार्थी काठीच्या आधाराने उभा राहिला. तुमच्या सिद्धान्तातील अमुक राशी अनंत होते, असे तो म्हणाला. हे तुम्हास कसे कळले, असे विचारता, गणित करून पाहिले, असे त्याने उत्तर दिले. हा विद्यार्थी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला स्टीफन हॉकिंग. केंब्रिजमध्ये त्याची खोली नारळीकरांच्या खोलीजवळच होती, आणि हे गणित त्याने आधीच पाहिले होते. सभेत असा आक्षेप निघणे कोणाही वक्त्यास अप्रिय वाटेल; पण आक्षेप घेण्याइतके ते म्हणणे स्पष्ट होते, हीही गोष्ट खरी. धूसर बोलणाऱ्यावर कोणी आक्षेप घेत नाही, कारण तो काय म्हणाला, हेच कोणास कळलेले नसते.

मोजकेपणाचा अर्थ अपुरेपणा नव्हे, ह्याचे दुसरे उदाहरण डॉ. कमला सोहोनी ह्यांचे आहे. माहेरच्या त्या भागवत. केंब्रिज येथे त्यांनी बटाट्यावर काम करताना, सायटोक्रोम-सी नावाचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते व श्वसनाच्या क्रियेत भाग घेते, हे दाखविले. ह्या कामाबद्दल त्यांना १९३९ साली डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. सांगण्यासारखी गोष्ट एकच आणि पक्की असली, की पानांच्या संख्येने तिचे वजन वाढवावे लागत नाही.

अलीकडे तर जगभर ह्या मोजकेपणाची मुद्दाम तालीम दिली जाते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली एक स्पर्धा सुरू केली. तीत डॉक्टरेटसाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्याने तीन मिनिटांत, एकच स्थिर चित्र दाखवून, त्या विषयाचे शिक्षण नसलेल्या श्रोत्यांना आपले संशोधन समजावून सांगावयाचे असते. ही स्पर्धा पुढे अनेक देशांत पसरली. तीन मिनिटांत काय होणार, असे प्रथम वाटते. पण ज्याला आपले काम तीन मिनिटांत सांगता येत नाही, त्याला ते स्वतःलाच कितपत उमगले आहे, ही शंका त्यावरून निघते.

तेव्हा असे भाषण तयार करावयाचे झाल्यास प्रथम काय करावे? कागदावर एकच वाक्य लिहावे. दुसऱ्या दिवशी ऐकणाऱ्यास एवढे एकच वाक्य आठवले तरी चालेल, असे ते असावे. विहिरींच्या उदाहरणात ते वाक्य ‘पाणी वाचवा’ हे नव्हे. ते कोणीही, विहीर न मोजता, म्हणू शकतो. ‘बंधाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी दूरच्या विहिरींपेक्षा जास्त दिवस टिकले’, हे ते वाक्य होय. मोजल्यावाचून जे म्हणता आले नसते, ते वाक्य निवडावे. मग भाषणातील प्रत्येक गोष्ट ह्या वाक्याजवळ आणून पाहावी. जी त्याला आधार देत नाही, ती कितीही आवडती असली, तरी वगळावी. काम करताना सोसलेले कष्ट सांगण्याचा मोह फार असतो. परंतु कष्ट हा पुरावा नव्हे.

त्यानंतर वेळेचा हिशेब करावा. संथपणे व स्पष्ट बोलणारा मनुष्य मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. पाच मिनिटे मिळाली, तर पाचशे शब्दांहून अधिक लिहू नये. उरलेला वेळ श्वास घेण्यास, आलेखावर बोट ठेवण्यास व ऐकणाऱ्यास विचार करण्यास लागतो. वेळ कमी आहे म्हणून घाईघाईने बोलणे, हा सर्वांत वाईट उपाय होय. कारण त्याने वक्त्याचे सारे बोलून होते, पण श्रोत्याचे काहीच ऐकून होत नाही. सबंध भाषण पाठ करण्याचीही गरज नाही. पहिले वाक्य व शेवटचे वाक्य मात्र पक्के पाठ असावे. पहिले वाक्य पाठ असले, की छातीतली धडधड निभावून नेता येते. शेवटचे पाठ असले, की थांबावे कोठे, हे कळते.

आलेख किंवा चित्र दाखवावयाचे, तर एकाच मुद्द्याचे एक दाखवावे. मेजावर ठेवलेला तक्ता असो की पडद्यावरची स्लाइड असो, वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून त्यावरील अक्षरे वाचता येतात की नाही, हे आदल्या दिवशी स्वतः पाहावे. आलेख पुढे येताच निष्कर्षावर उडी मारू नये. आडवी रेघ म्हणजे आठवडे, उभी रेघ म्हणजे काठापासून पाण्यापर्यंतची खोली, निळ्या रेघा बंधाऱ्याजवळच्या विहिरींच्या, तांबड्या दूरच्या, एवढे आधी सांगावे. ज्याने तो आलेख स्वतः काढला, त्याला तो पाहताक्षणी कळतो. ऐकणारा तो जन्मात प्रथमच पाहत असतो, ह्याचा विसर पडू नये.

तालीम दोन प्रकारच्या माणसांपुढे करावी. एक, ज्याला विषयातले काही कळत नाही असा. घरची आजी किंवा शेजारच्या काकू ह्या कामी उत्तम. ऐकून झाल्यावर ‘आवडले का’ असे त्यांना विचारू नये. ‘काय समजले’ असे विचारावे. त्यांनी जे सांगितले, तेच परीक्षकांच्याही कानी पडणार, असे धरून चालावे. दुसरा, ज्याला विषय कळतो व जो आडवे प्रश्न विचारील असा. नारळीकरांच्या बाबतीत हे काम खुद्द हॉइल ह्यांनी केले. विद्यार्थ्याला सभेत पाठविण्यापूर्वी त्यांनी त्याला धीर दिला व तयारी करवून घेतली. समोर घड्याळ ठेवून, उभे राहून, मोठ्याने बोललेली तालीम हीच खरी तालीम. मनातल्या मनात म्हटलेले भाषण नेहमी वेळेत संपते.

प्रश्नोत्तरांची भीती पुष्कळांना वाटते. वास्तविक प्रश्न विचारला जाणे, हे भाषण पोहोचल्याचे पहिले लक्षण होय. प्रश्न पुरता ऐकून घ्यावा, तो आपल्या शब्दांत एकदा म्हणावा, आणि मग उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसल्यास, ‘हे पाहिलेले नाही, पाहावयाचे झाल्यास असे असे पाहता येईल’, हे उत्तर पूर्ण प्रामाणिक असून शास्त्रालाही धरून आहे. ठोकून दिलेले एक उत्तर आधीच्या पाच खऱ्या मिनिटांवर पाणी पाडते. डॉ. नारळीकर पुण्यास आयुका ह्या संस्थेचे संचालक असताना मुले त्यांच्या स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. ते मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एखादा शास्त्रीय प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. प्रश्न विचारण्याची किंमत मुलांना ह्याहून चांगल्या रीतीने क्वचितच कोणी शिकविली असेल. आणि उत्तर पोस्टकार्डावर मावेल इतके मोजके असू शकते, हाही पाठ त्यात होताच.

भाषेविषयी एक गोष्ट सांगावयास हवी. खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुलांना असे वाटते, की इंग्रजी शब्दांची पेरणी केल्यावाचून बोलणे शास्त्रीय होत नाही. डॉ. नारळीकर ह्यांनी जगातील मोठमोठ्या सभांत इंग्रजीत भाषणे केली, आणि तेच शास्त्रज्ञ मराठीत विज्ञानकथा व विज्ञानविषयक पुस्तके लिहीत राहिले. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना देण्यात आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य मुलांचा विज्ञानाशी परिचय करून देणारा लेखक गेला, अशीच भावना सर्वत्र व्यक्त झाली. एखादी पारिभाषिक संज्ञा अवश्य असेल तर ती एकदा सांगून तिचा अर्थ साध्या शब्दांत द्यावा. विहिरीचा ‘तळ गाठला’ हे शब्द कोणत्याही परभाषेतील संज्ञेइतकेच नेमके आहेत.

आता पुन्हा येरळेच्या काठच्या त्या कल्पित विद्यार्थिनीकडे वळावे. परीक्षक पुढे येतात, आणि ह्या वेळी ती असे बोलते. गावच्या बंधाऱ्याने विहिरींच्या पाण्यात फरक पडतो काय, हा तिचा प्रश्न. त्यासाठी दहा विहिरी घेतल्या. पाच बंधाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर, पाच दूर. दसऱ्यापासून होळीपर्यंत दर रविवारी सकाळी, मोटारी सुरू होण्यापूर्वी, माप घेतले. मग आलेख. दूरच्या विहिरींनी संक्रांतीच्या सुमारास तळ गाठला. जवळच्या विहिरींत होळीपर्यंत पाणी राहिले. परंतु एवढ्यावरून हे सर्व बंधाऱ्यामुळेच झाले, असे तिला खात्रीने म्हणता येत नाही. कदाचित जवळच्या विहिरी पाझर चांगला असलेल्या मुरमात खोदलेल्या असतील आणि दूरच्या काळ्या पाषाणात. कोणत्या विहिरीवरून किती उपसा होतो, हेही मोजलेले नाही. शिवाय हे एकाच वर्षाचे माप आहे. पुढच्या वर्षी विहिरींचा खडक पाहून व उपसा लिहून ठेवून तीच मापे पुन्हा घेण्याचा तिचा विचार आहे. इतके बोलून ती थांबते. अजून अर्धे मिनिट शिल्लक असते.

ह्या भाषणाला बक्षीस मिळेलच, असे कोणी सांगू शकत नाही. दुसऱ्या मेजावर रंगीत दिव्यांचे एखादे चलत् यंत्र असू शकते. पण ह्या भाषणाने एक गोष्ट साधलेली आहे. ऐकणाऱ्यांत एखादा ग्रामपंचायतीचा सभासद असला, तर पुढचा बंधारा कोठे घालावा, ह्याचा विचार करताना त्याला ह्या मापांची आठवण होईल. आणि त्याबरोबरच खडक पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, हेही आठवेल. दुष्काळी मुलखात बंधारा चुकीच्या जागी घातला गेला, तर नुसते पैसेच वाया जात नाहीत. पिढीचे पाणी वाया जाते. त्या मुलीने आपल्या निष्कर्षाबरोबर त्याची उणीवही सांगितली, म्हणून तिच्या बोलण्यावर विसंबणे सुरक्षित झाले.

१९६१ साली लंडनच्या सभेत विश्वाविषयी बोलणारा तरुण, आणि वडूजच्या एखाद्या शाळेत विहिरीविषयी बोलणारी मुलगी, ह्यांच्या विषयांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु दोघांच्याही हाती मोजकीच मिनिटे असतात, आणि त्या मिनिटांत करावयाचे काम एकच असते. जे स्वतः पाहिले, मोजले, तपासले, तेवढे सांगावे. ते इतक्या उघडपणे सांगावे, की ऐकणाऱ्यास त्यात चूक असल्यास ती सापडावी. आणि वेळ झाली, की थांबावे.